ऑपेरात खून आणि मेकअपमधला चार्ली चॅन

आज जरा जुना माल. १९३६चा ‘चार्ली चॅन अ‍ॅट द ऑपेरा’. एका बाजूला होनोलुलूचा चिनी डिटेक्टिव्ह चार्ली चॅन, दुसऱ्या बाजूला बोरिस कार्लोफ. हो, ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस, तोच. टायटलमध्येच ‘वॉर्नर ओलंड विरुद्ध बोरिस कार्लोफ’ असं टाकलंय, कुस्तीची जाहिरात असावी तसं!

तर गोष्ट अशी. ग्राव्हेल हा गायक थिएटरच्या आगीत मेला, असं सगळ्यांनी धरलेलं. प्रत्यक्षात तो स्मृती गमावून वेड्यांच्या इस्पितळात पडलाय. एके दिवशी पेपरात बायकोचा फोटो दिसतो, सगळं आठवतं आणि हा पळतो तो थेट ऑपेरा हाउसात. मग खून. मग दुसरा खून. खुनी कोण ते सांगत नाही, शिव्या घालाल. एवढंच सांगतो, कार्लोफवर संशय घ्या म्हणून सिनेमा फारच आग्रह करतो, तिथे कान टवकारा.

सव्वा तासाच्या आत खेळ खलास. यातला ‘कार्निव्हल’ हा ऑपेरा ऑस्कर लेव्हांटने खास या सिनेमासाठी रचलाय. कार्लोफचं गाणं मात्र दुसऱ्याच्या आवाजात, आपल्या प्लेबॅकसारखं.

आता खटकणारी गोष्ट. ओलंड स्वीडनमध्ये जन्मलेला गोरा नट. तुटक इंग्रजी, ऊठसूट सुविचार. हॉलिवूडला चिनी हीरो चालला, चिनी नट नाही चालला! गंमत म्हणजे सिनेमातला सार्जंट केली चॅनला चिनी म्हणून हिणवतो आणि शेवटी स्वतःच तोंडघशी पडतो. म्हणजे पटकथा लिहिणाऱ्याला हा वंशद्वेष दिसत होता. नट निवडणाऱ्याला दिसला नाही.

आणि खरा चिनी नट तर सेटवरच होता ना! चॅनच्या मुलाचं, लीचं काम करणारा की ल्यूक. जन्म चीनमधला, वाढला अमेरिकेत. बापाला ‘पॉप’ म्हणत, फाडफाड इंग्रजी बोलत, ऑपेरातल्या एक्स्ट्राच्या कपड्यांत तो स्टेजमागे घुसतो. मला विचाराल तर पिक्चरमधला सगळ्यात जिवंत माणूस तोच. १९३८मध्ये ओलंड वारला, मालिका पुढे चालली, आणि चॅनचं काम गेलं सिडनी टोलरकडे. तोही गोराच.

तरीही बघा. चार्ली चॅनशी पहिलीच भेट असेल तर इथूनच सुरुवात करा, आणि हेडफोन लावून. मेकअप खुपेल. खुपू दे. चला, भेटू पुढच्या भागात!