घरातील बिनतारी जाळ्याची राखण

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



घर बांधताना भिंत किती जाडीची असावी, दाराला कडी कोणती लावावी, कुंपणाचे फाटक कोणत्या बाजूस ठेवावे, याचा विचार आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. परंतु अलीकडे आपल्या घरांत अशी एक वस्तू येऊन बसली आहे की, तिला भिंतीचा किंवा कुंपणाचा फारसा अटकाव होत नाही. ती वस्तू म्हणजे वायफायचा राउटर. त्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी शेजाऱ्याच्या ओसरीवर पोहोचतात आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या मोबाइलवरही आपल्या जाळ्याचे नाव उमटते. या जाळ्याची राखण कशी करावी, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

कोणी विचारील, शेजाऱ्याने घटकाभर आपले इंटरनेट वापरले तर बिघडले कोठे? तहानलेल्याला पाणी नाकारू नये, ही तर आपली रीत. प्रश्न रास्त आहे; पण येथे पाण्याचा दाखला लागू पडत नाही. आपल्या जोडणीवरून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर त्या जोडणीचा क्रमांक असतो आणि सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या दप्तरी त्या क्रमांकापुढे आपले नाव व पत्ता असतो. म्हणून वायफाय उघडे ठेवणे हे पाणी देण्यासारखे नसून कार्यालयाचा गोल शिक्का टेबलावर टाकून जेवावयास जाण्यासारखे आहे. त्या शिक्क्याने कोणी काय उमटविले, याचा जाब प्रथम आपल्यालाच विचारला जाणार.

हे केवळ कल्पनेतले भय नव्हे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तसंस्थांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास करीत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईतील सानपाडा येथे, एका अमेरिकी रहिवाशाच्या दाराशी. त्याच्या वायफायचा इतरांनी गैरवापर केला, हे पुढे स्पष्ट झाले. परंतु तोवर त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरमधील एका कंपनीच्या जाळ्यातून असेच ईमेल गेले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराबाबत सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही म्हण अशा वेळी आठवते.

आता उपायांकडे वळू. राउटरची मांडणी बदलण्याचे एक पान असते. ते उघडण्याचा पासवर्ड आणि वायफायला जोडून घेण्याचा पासवर्ड, हे दोन निरनिराळे आहेत. पुष्कळ घरांत पहिला पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहतो. अशा ठरावीक पासवर्डांच्या याद्या सर्वत्र उपलब्ध असल्यामुळे तो प्रथम बदलावा. तसेच बाहेरगावाहून इंटरनेटद्वारे ते पान उघडण्याची सोय चालू असेल, तर ती बंद करावी.

दुसरी बाब कुलपाच्या जातीची. वायफायचे पहिले कुलूप ‘डब्ल्यूईपी’ हे १९९७ साली आले आणि २००१ पर्यंत त्यातील मूलभूत दोष उघड झाला. आज ते कुलूप नसल्यातच जमा आहे. २००४ साली ‘डब्ल्यूपीए-२’ आणि २०१८ साली ‘डब्ल्यूपीए-३’ आले. आपल्या राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ असल्यास ते, नसल्यास ‘डब्ल्यूपीए-२’ निवडावे. त्याखालचे काही निवडू नये.

तिसरी बाब किल्लीची, आणि येथेच आपण बहुतेक सारे चुकतो. मी स्वतःही अपवाद नव्हतो. माझ्या घरचा पासवर्ड म्हणजे माझाच मोबाइल क्रमांक होता. दाराशेजारी राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने एके दिवशी हसत विचारले, “काका, तुमचा नंबर तर निमंत्रणपत्रिकेवरही छापलेला असतो ना?” मी निरुत्तर झालो. ‘डब्ल्यूपीए-२’मध्ये राउटर व मोबाइल यांची ओळखपरेड होत असताना तिची नोंद टिपून घेता येते आणि मग दूर बसून एकामागून एक पासवर्ड लावून पाहता येतात. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात. म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो. पण वेगवान संगणकाला हे काही तासांचे काम आहे. मुलांची नावे, जन्मतारखा, गावाचे नाव, हेही तितकेच कच्चे. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकापुढे एक जोडावेत. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. लांबी हेच त्याचे बळ.

चौथी बाब खिडक्यांची. बटण दाबून किंवा आठ अंकी क्रमांक देऊन जोडणी करण्याची ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय पुष्कळ राउटरांत असते. हा आठ अंकी क्रमांक दोन तुकड्यांत तपासला जात असल्यामुळे सुमारे ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ साली उघड झाले. ही सोय बंद ठेवावी. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे देण्याची व्यवस्था मात्र अवश्य वापरावी. आतिथ्यही राहते आणि तिजोरीची खोलीही बंद राहते.

पाचवी बाब डागडुजीची. चांगल्या कुलपातही दोष निघतात. २०१७ साली बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘डब्ल्यूपीए-२’मधील एक उणीव दाखवून दिली व उत्पादकांनी दुरुस्त्या काढल्या. अशा दुरुस्त्या राउटरमध्ये वेळोवेळी भरून घ्याव्यात. ज्या राउटरला उत्पादकाकडून दुरुस्त्या मिळणे थांबले आहे, तो बदलणेच श्रेयस्कर.

जाळ्याचे नाव लपविले की काम झाले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. लपविलेले नाव साध्या साधनांनीही शोधता येते. मात्र त्या नावात आपले आडनाव किंवा घरक्रमांक घालू नये.

शेवटी आपल्या कार्यालयांविषयी. शाळेच्या किंवा पंचायतीच्या भिंतीवर वायफायचा पासवर्ड लिहून चिकटविलेला मी पाहिला आहे. तेथे येणाऱ्यांसाठी पाहुण्यांचे वेगळे जाळे असावे आणि दाखले व हिशेब ज्या संगणकांवर असतात, त्यांचे जाळे निराळे. कर्मचाऱ्याची बदली झाली की कपाटाच्या किल्ल्या आपण रीतसर ताब्यात घेतो. त्याच दिवशी पासवर्डही बदलावा.

या कामाला खर्च जवळजवळ नाही. अर्धा तास वेळ आणि थोडी चिकाटी पुरते. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपला राउटर एकदा तपासून पाहावा आणि एका शेजाऱ्यालाही तो तपासण्यास मदत करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.