भाड्याने काय द्यायचं, राखून काय ठेवायचं

लावणी उरकत आली असेल, कंबर अजून बोलत असेल. रेडिओ जवळ ओढा आणि जरा टेकून बसा. आज मी हप्ते, व्याज, वह्या यातलं काही काढणार नाही. आज आपण फिरायला जाणार आहोत, तेही सातासमुद्रापार, नवराबायको दोघांनीच राहायच्या एका बंगलीत.

झालं असं, गेल्या मासिक बैठकीत सह्या चालू असताना माझ्या मोबाइलवर माझ्या मावसबहिणीचे फोटो आले. निळंहिरवं पाणी, पांढरी वाळू, माडाची झाडं, आणि पाण्यापासून वीस पावलांवर लहानशी बंगली. पडवीत ती आणि तिचा नवरा चहा पीत बसलेले. मोबाइल या हातातून त्या हातात गेला. कुणी म्हणालं, सिनेमातलं दिसतंय. मग आमच्या गटातल्या सगळ्यांत वडील काकी हळूच म्हणाल्या, "आम्ही दोघं एकत्र कुठे गेलो असू तर दवाखान्यात, नाहीतर कुणाच्या तेराव्याला." आधी सगळ्या हसल्या. मग कुणीच बोलेना. म्हणून ठरवलं, या प्रवासाची गोष्ट तुम्हालाही सांगायची.

माझी मावसबहीण न्यूझीलंडला ऑकलंड शहरात असते. ती वृद्धाश्रमात रात्रपाळीला, नवरा दिवसा बस चालवतो. ती घरी येते तेव्हा तो निघालेला असतो. पैसा येतो, पण एका ताटाशी बसणं आठवड्यातून एकदा. लग्नाला दहा वर्षं होणार म्हणून दोघांनी तीन वर्षं महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले, आपण गटात टाकतो तसे, आणि चार रात्रींसाठी रारोटोंगा नावाच्या बेटावर गेले.

हे बेट प्रशांत महासागरात आहे. त्या भागाला पॉलिनेशिया म्हणतात, म्हणजे पुष्कळ बेटांचा मुलूख. त्यातला कुक बेटे हा पंधरा बेटांचा देश. सगळी जमीन एकत्र केली तरी साधारण 240 चौरस किलोमीटर, आपल्या एखाद्या तालुक्याहूनही कमी, आणि माणसं पंधरा हजारांच्या आसपास. रारोटोंगा त्यातलं सगळ्यांत मोठं बेट. किनाऱ्याकिनाऱ्याने त्याला वळसा घालणारा रस्ता फक्त 32 किलोमीटरचा. त्यावरच्या बसगाड्यांवर गावांची नावं नसतात. एक घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते, दुसरी उलट. चुकायची सोयच नाही.

गंमत पुढेच आहे. बहीण 12 मे रोजी सकाळी ऑकलंडहून निघाली आणि चार तासांनी उतरली तेव्हा तिथे 11 मेची दुपार होती. वाटेत वार बदलण्याची रेषा लागते, ती ओलांडली की एक दिवस मागे जातो. तिचा लग्नाचा वाढदिवस 12 मेचाच, म्हणून तो दोनदा आला. विमानतळावर फुलांची माळ गळ्यात पडली आणि "किया ओराना" असं स्वागत झालं. त्याचा अर्थ, दीर्घायुषी व्हा. आपण वाकून नमस्कार केला की मोठी माणसं म्हणतात तेच.

आता बंगली कशी होती ते ऐका. एक खोली, एक मोरी, एक छोटं स्वयंपाकघर आणि समुद्राकडे तोंड केलेली रुंद पडवी. समोर पाणी कमरेइतकं, तळ दिसेल इतकं स्वच्छ. कारण बेटाभोवती प्रवाळाचा नैसर्गिक बांध आहे. लाटा त्या बांधावर फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. रात्रभर लांबून गाज येते. नारळापेक्षा उंच इमारत बांधायची नाही हा तिथला रिवाज, म्हणून आकाश मोकळं. पण कोंबडे मात्र मोकाट! पहाटे तीनला आरवायला सुरुवात. बहीण म्हणाली, "माहेरी झोपल्यासारखं वाटलं."

पहिल्या दिवशी दोघांना काय बोलावं तेच सुचेना. दहा वर्षं बोलणं म्हणजे वीजबिल, मुलीची शाळा, गॅस संपला. दुसऱ्या दिवशी पाण्यात पाय सोडून बसले आणि नवरा म्हणाला, "तुझी पाठ किती दिवस दुखतेय?" दोन वर्षं दुखत होती. त्याने विचारलं नव्हतं आणि हिने सांगितलं नव्हतं. मैत्रिणींनो, एवढ्या खर्चाचं खरं मोल मला या एका प्रश्नात दिसलं.

आता ज्या बाईने ही बंगली सांभाळली तिच्याकडे वळू. तिथे वडीलधाऱ्या बाईला आदराने "मामा" म्हणतात. आमच्या बैठकीत यावर हशा पिकला, कारण आपला मामा म्हणजे आईचा भाऊ! तर ही मामा मागच्याच घरात राहायची. सकाळी पडलेली झावळं उचलायची, अंगण झाडायची, केळी आणि पपई आणून ठेवायची. एका संध्याकाळी तिने दोघांना जेवायला बोलावलं. अळूची पानं नारळाच्या घट्ट दुधात शिजवलेली, त्यांना ती "रुकाऊ" म्हणतात. लिंबाच्या रसात मुरवून नारळाचं दूध घातलेले मासे, ते "इका माता". आणि खड्ड्यात तापवलेल्या दगडांवर भाजलेले कंद. आपल्याकडच्या पोपटीची आठवण यावी असं.

जेवणानंतर मामाने पेटीतून एक गोधडी काढली. तिथे तिला "तिवाएवाए" म्हणतात. रंगीत कापडाची पानंफुलं कापून, दुसऱ्या कापडावर टाके घालून केलेली. कापड आणि ही शिवण एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या बायकांबरोबर आली, पण बेटावरच्या बायकांनी तिच्यात आपली फुलं घातली. एकटीने नाही, गटाने शिवतात. नमुना कापणारी जाणती बाई वेगळी, टाके घालणाऱ्या वेगळ्या. हात चालतात तशा गप्पा, गाणी, रडणंसुद्धा. एका गोधडीला महिनोन् महिने जातात. मग ती लग्नात देतात, मुलाच्या पहिल्या केस कापण्याच्या समारंभात देतात, माणूस गेलं तर त्याच्याबरोबर मातीतही देतात.

बहिणीने सहज विचारलं, "ही केवढ्याला द्याल?" मामा म्हणाली, "खोली भाड्याने देते. ही द्यायची वस्तू आहे, विकायची नाही."

मग बहिणीला राहवलं नाही. तिने विचारलं, "आणि ही जमीन?" मामा हसली. म्हणाली, "ती तर विकताच येत नाही."

आता इथे कान द्या. कुक बेटांवर जमीन विकता येत नाही. 1915 पासूनच्या कायद्यात ही बंदी आहे आणि 1965 मध्ये देशाला स्वतःचा कारभार मिळाल्यावरही ती तशीच ठेवली. जमीन वारशाने मिळते, आणि मुलगा असो की मुलगी, दोघांनाही मिळते. बाहेरच्या माणसाला हॉटेल किंवा बंगला बांधायचा असेल, तर जमीन भाडेपट्ट्याने घ्यावी लागते, जास्तीत जास्त 60 वर्षांसाठी. मालक अनेक असले तर त्यांची सभा भरवून ठराव होतो, आपल्या गटात होतो तसाच. मुदत संपली की जमीन परत घराण्याची. म्हणून तिथे किनाऱ्यावरच्या कितीतरी बंगल्यांच्या खाली जमीन मामासारख्यांचीच असते.

तिथे सगळं गोड आहे असं समजू नका. पिढ्या वाढल्या तसे एकेका तुकड्याला शेकडो वारस झाले. त्यातले पुष्कळ न्यूझीलंडला. सभा जमवणं कठीण, भांडणं कोर्टात. तरुण मुलं चांगल्या पगारासाठी बाहेर जातात, आणि हॉटेलांत काम करायला फिलिपिन्स, फिजीहून माणसं येतात. मुरी नावाच्या सुंदर किनाऱ्यावर पाण्यात शेवाळ माजलं, कारण घरांचं आणि हॉटेलांचं सांडपाणी जमिनीत मुरून समुद्रात जात होतं. त्या देशात 2019 साली दीड लाखावर पाहुणे आले, म्हणजे घरातल्या एका माणसामागे दहाहून जास्त पाहुणे. एवढ्यांच्या मोऱ्यांचं पाणी कुठे जाणार? आणि 2020 मध्ये करोना आला, विमानं थांबली, खोल्या रिकाम्या पडल्या. मामा म्हणाली, तेव्हा बंगलीचं भाडं बंद झालं, पण मागच्या वाफ्यातला अळू आणि समोरच्या पाण्यातले मासे होते. जमीन हातात होती म्हणून चूल पेटली.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमचीच जागा आली. सांगू की नको असं झालं होतं, पण सांगते. आमची खाडीकाठी माडांची वाडी होती. पंधरा वर्षांपूर्वी ती विकली. पैसे एकरकमी आले, तेव्हा खूप वाटले. त्यात एक लग्न झालं, घराचं छप्पर झालं, एक गाडी आली आणि गेलीसुद्धा. नणंदांनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्या. भावाचं मन राखायचं म्हणून कुणी काही वाचलं नाही. सासूबाईंना तर कुणी विचारलंच नाही, आणि त्या वाडीतल्या प्रत्येक माडाला पाणी त्यांनी घातलेलं. आज तिथे कुंपण आहे, आत तशाच बंगल्या आहेत. शहरातली जोडपी येतात, मला त्यांचा राग नाही. माझी जाऊ तिथे रोजाने अंगण झाडायला जाते. मामाही झाडते. पण मामा स्वतःचं अंगण झाडते. सासूबाई अजूनही त्या वाटेने जाताना कुंपणाकडे बघत नाहीत.

आपल्याकडे जमीन विकायला बंदी नाही, आणि कधी कधी विकावीच लागते. आजारपण असतं, कर्ज असतं. कुणाला दोष द्यायला मी बसलेली नाही. पण समुद्र, नदी, धरण, डोंगर, जिथे म्हणून चांगली हवा आहे, तिथे आज ना उद्या कुणी तरी गाडीतून उतरून विचारणार आहे. तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, विकणं हा एकच मार्ग नाही. भाडेपट्टाही करता येतो. पण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर त्याची रीतसर नोंदणी झालीच पाहिजे. साध्या कागदावर भागवू नका. मुदत किती, भाडं दर किती वर्षांनी वाढणार, मुदत संपल्यावर बांधकामाचं काय, हे मराठीत लिहून घ्या.

दुसरी, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली तशी दुरुस्ती झाली. हक्कसोड करायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण वाचून, समजून, घरी एक रात्र विचार करून. सही आजच पाहिजे असं कुणी म्हणालं, तर ती उद्याही करू नका.

तिसरी, घरातली एखादी खोली पाहुण्यांना देता येते. गटातल्या बायांना जेवण, न्याहारी, कोकम, पापड यातून काम मिळतं. मात्र आधी मोरीच्या आणि संडासाच्या पाण्याची सोय बघा, मग पडद्यांचा रंग. विहीर बिघडली तर पाहुणाही राहणार नाही आणि आपणही.

चौथी, काय भाड्याने द्यायचं आणि काय कधीच द्यायचं नाही, याची यादी घरात सगळ्यांनी बसून करा. त्यात सासूबाईंना विचारा. बहुतेक वेळा पहिलं उत्तर त्यांनाच माहीत असतं.

शेवटी पुन्हा त्या काकींकडे येते. बैठक संपल्यावर आम्ही ठरवलं, रारोटोंगा आपल्याला जमणार नाही, पण खाडीचा काठ आपलाच आहे. काकी पुढच्या रविवारी काकांना घेऊन बंदरावर गेल्या. डब्यात घावणे, बाटलीत चहा. काम काहीच नाही, नुसतं बसायचं. मी विचारलं, "काय बोललात?" म्हणाल्या, "तासभर काही नाही. मग ते म्हणाले, तू पूर्वी गाणं म्हणायचीस."

मग म्हटलंत का, असं मी विचारलं नाही. काही गोष्टी त्या दोघांच्याच राहू द्याव्यात.

येत्या बैठकीत हा विषय काढा, यादी करा. किया ओराना, मैत्रिणींनो. दीर्घायुषी व्हा. नमस्कार.