मिरजेत आपले मनःपूर्वक स्वागत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, निद्रारोगतज्ज्ञ डॉक्टर मंडळी आणि मिरजकर बंधुभगिनींनो,

मनगटावरच्या घड्याळाने झोपेतले विकार हेरण्याच्या विषयावर आमच्या गावी परिषद भरते आहे, याचा आम्हां सर्वांना अभिमान वाटतो. रोगी आणि वैद्य यांची ये-जा मिरजेला नवी नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे मिशन इस्पितळ सुरू केले. ते नाव सर्वांना ठाऊक आहे. मला आज आठवण करून द्यायची आहे ती डॉ. भडभडे यांची. कुरुंदवाडच्या एका मुलाच्या डोळ्यांना फटाक्याने इजा झाली, म्हणून त्याला त्यांच्याकडे आणले. दृष्टी काही पूर्ववत झाली नाही. पण डॉक्टरांनी मुलाचा गळा पारखला आणि त्याला गाणे शिकवा, असे सुचवले. मुलगा मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकला आणि १९०१ साली त्याने लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तेच विष्णु दिगंबर पलुस्कर! भडभड्यांचे नाव इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत व्हावे, ही माझी जुनी तळमळ आहे.

आमचे सतारमेकर तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा केसभर सरकवून जवारी जुळवतात. तुमची घड्याळेही तितकीच कानाची तिखट आहेत. एक रक्तातल्या प्राणवायूचे चढउतार पाहते, दुसरे मनगटाच्या बारीक हालचालीवरून श्वासाची अडखळ टिपते. २०२४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सॅमसंग आणि ॲपलच्या अशा सुविधांना मान्यता दिली. घड्याळ फक्त शंका दाखवते. निदानाला रीतसर निद्राचाचणी लागतेच. म्हणून माझे एक मागणे आहे. रात्री उसाचा ट्रक हाकणाऱ्याला घड्याळाने इशारा दिला, तर त्याने चाचणीसाठी कुठे जावे, किती खर्चात, हेही इथे ठरवा. घोरणारा माणूस गाढ झोपतो, असेच आमच्याकडे अजून समजतात.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. सर्वांची सोय एका ठिकाणी झाली नाही, काही पाहुण्यांना मंगल कार्यालयात गाद्यांवर झोपावे लागेल. झोपेच्या डॉक्टरांना असे सांगताना फार संकोच वाटतो. मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे. धान्य आणि गूळ देणारे अडते, मोबदला न घेता मांडव घालणारे, घरातल्या उशा-पांघरुणे पाठवणाऱ्या भगिनी, पहाटेपासून जंक्शनवर उभे असलेले विद्यार्थी, नाव सांगू नका म्हणून बजावणारे देणगीदार, या सर्वांचा मी ऋणी आहे. संध्याकाळी सतारमेकर गल्लीत जायला गाड्या सहा वाजता सुटतील.

अध्यक्ष महोदयांनी आता उद्घाटन करावे, अशी विनंती करतो.