प्लाझ्मा कटरचे सुटे भाग : मूळ, पर्यायी आणि बनावट

आमच्या जूचंद्र गांवाचें नांव रांगोळीसाठीं दूरवर गेलें आहे. परंतु गांवांतील कित्येक तरुणांचा चरितार्थ आज वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांच्या शेडवर चालतो. तेथें लोखंडी पत्रा कापण्यास प्लाझ्मा कटर वापरतात. त्याच्या टॉर्चमधील लहान भाग झिजतात व वारंवार बदलावे लागतात. ते मूळ कंपनीचे घ्यावे कीं बाजारांतील स्वस्त घ्यावे, हा वाद तेथें नेहमींचा आहे. मी यंत्रज्ञ नव्हे. आयुष्यभर मुलांना गणित शिकविलें. पण हा वादही पुष्कळसा गणिताचाच आहे.

प्रथम भागांची ओळख करून घेऊं. टॉर्चमध्यें दाबाखालीं येणारी हवा विजेच्या ज्योतीनें इतकी तापते कीं तिचा प्लाझ्मा होतो. त्याचें तपमान वीस हजार अंशांच्या घरांत जाऊं शकतें. ही ज्योत नोझलच्या सुमारें एक मिलिमीटर छिद्रांतून बाहेर पडते. आंत तांब्याचा इलेक्ट्रोड असतो, आणि त्याच्या टोंकांत हाफ्नियम धातूचा एक बारीक ठिपका बसविलेला असतो. हा धातु १९२३ सालीं कॉस्टर आणि हेवेशी या दोघांनीं कोपनहेगन येथें शोधिला. त्या शहराच्या लॅटिन नांवावरूनच त्याचें नांव पडलें. हवेंत ऑक्सिजन असल्यामुळें टंगस्टन तेथें तग धरीत नाहीं, हाफ्नियम धरतो. तरीही टॉर्च पेटतांना आणि विझतांना त्याचा कांहीं अंश उडतो व तेथें खळगा पडत जातो. तिसरा भाग म्हणजे हवेला भोंवरा देणारी स्वर्ल रिंग. तिचीं भोकें तिरपीं आणि एकसारखीं असलीं, तरच ज्योत मधोमध राहते.

मालाचा कस लागतो तो येथें. छिद्र मध्यावर आहे कीं नाहीं, हें कापलेल्या कडेवरून कळतें; एक बाजू तिरकी होऊं लागली कीं समजावें. परंतु हाफ्नियम किती खोल भरला आहे आणि तांब्यांत किती घट्ट बसला आहे, हें विकत घेतांना कोणाच्याही डोळ्यांस दिसत नाहीं.

आमच्या बाजारांत मूळ कंपनीचा नसलेला प्रत्येक भाग ‘डुप्लिकेट’ ठरतो. हा शब्द मला खटकतो. एखादा कारखानदार स्वतःचें नांव छापून ‘हा भाग अमुक टॉर्चला बसतो’ असें उघड सांगतो. तो व्यापार सरळ आहे आणि मालाबद्दल जाब विचारण्यास माणूसही सांपडतो. दुसरा इसम परक्या कंपनीचें चिन्ह आपल्या डबीवर उठवितो. ती लबाडी आहे, आणि १९९९ च्या ट्रेड मार्क्स अधिनियमान्वयें गुन्हाही आहे. या दोघांना एकाच पंगतीस बसविल्यानें फायदा होतो तो लबाडाचाच.

आतां हिशेब. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल धरा. मूळ जोडी ६०० रुपयांची, ती ३०० वेळां पेटते; म्हणजे दर पेटीस २ रुपये. पर्यायी जोडी २४० रुपयांची, ती १५० वेळां पेटते. म्हणजे १ रुपया ६० पैसे. पर्यायी जोडी स्वस्त ठरली! पण तिच्या कापास खालून मळी चिकटली आणि ती ग्राइंडरनें काढण्यास एक मिनिट अधिक लागलें, तर ताशीं ९० रुपये मजुरीनें दीड रुपया गेला. वांचले होते ४० पैसे. उलट भंगाराचे तुकडेच करावयाचे असतील, तर कड कोण पाहतो? तेथें पर्यायी भागच शहाणपणाचा. मात्र माप सैल असलेला भाग कोठेंच नको. त्यानें ज्योत टॉर्चच्या आंतच उठते आणि डोकें जळतें. त्याच्या किंमतींत नोझलच्या कितीतरी डब्या येतील. एका कंपनीचा इलेक्ट्रोड व दुसरीचें नोझल अशी सरमिसळही करूं नये. आणि भाग बदलतांना मुख्य स्विच बंद हवाच, कारण तेथें दोनशेंहून अधिक व्होल्टचा दाब असतो.

आमच्या खाडीकांठच्या मुलखांत आणखी एक शत्रु आहे : ओल. पावसाळ्यांत कॉम्प्रेसरच्या टांकींत पाणी सांचतें. तें तेलासह टॉर्चमध्यें गेलें, म्हणजे मूळ काय आणि पर्यायी काय, दोन्ही झपाट्यानें झिजतात. ४० अँपिअरच्या नोझलवर ६० अँपिअर चढविले तरी तेंच. असें झालें कीं दुकानदाराला शिव्या मिळतात. पण कॉम्प्रेसरचें पाणी काढणें कोणाला आठवत नाहीं.

आणि शिव्यांवर भागलें तर बरें. माझा एक जुना विद्यार्थी एका शेडमध्यें कटर चालवितो. नोझल लवकर गेलें कीं त्याची किंमत त्याच्या पगारांतून कापीत. दोष हाताचा, हवेचा कीं डबीचा, हें कोणीं पाहिलेंच नव्हतें. कामगाराची हयगय असेल तरच, आणि त्याचें म्हणणें ऐकून घेतल्यावरच, नुकसानीची कपात करतां येते, हें तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यांत होतें व २०१९ च्या वेतन संहितेंतही आहे. पण म्हणणें मांडण्यास पुरावा लागतो. म्हणून त्याला मीं एक वही आंखून दिली : तारीख, डबीवरील नांव, खरेदीची पावती, पत्र्याची जाडी, अँपिअर, किती वेळां पेटलें, इलेक्ट्रोडचा खळगा किती खोल, आणि शेवटच्या रकान्यांत, टांकींतलें पाणी केव्हां काढलें.