बाटलीवरील आद्याक्षरें

लंडन येथें क्रिस्टीज या लिलावगृहांत ५ डिसेंबर १९८५ रोजीं एका बाटलीवर बोली चालली होती. काळसर हिरवी कांच; तिच्यावर १७८७ हा आंकडा, बोर्दो प्रांतांतील 'लाफीत' या द्राक्षमळ्याचें नांव आणि 'थॉ. जे.' हीं आद्याक्षरें कोरलेलीं. तीं अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांचीं, असें मानलें गेलें. कांच आणि अक्षरांचें वळण अठराव्या शतकाशीं जुळतें, असा जाणकारांचा निर्वाळा होता. फोर्ब्स घराण्यानें १,०५,००० पौंड मोजले. पुढें प्रदर्शनांत दिव्यांच्या उष्णतेनें बूच आकसून आंत पडलें, ही गोष्ट निराळी!

या बाटल्या हार्डी रोडेनस्टॉक या जर्मन संग्राहकाकडून आल्या होत्या. पॅरिसमधील एका घराच्या भिंतीआड बुजलेल्या तळघरांत त्या सांपडल्या, असें ते सांगत. अशाच चार बाटल्या बिल कोक या अमेरिकन धनिकानें १९८८ सालीं सुमारें पांच लक्ष डॉलरांस घेतल्या. २००५ सालीं बोस्टनच्या संग्रहालयांत त्या मांडावयाच्या ठरल्या, तेव्हां त्यांची पूर्वपीठिका हवी झाली. जेफर्सन हिशेबाला मोठे काटेकोर. पण त्यांच्या कागदपत्रांत या बाटल्यांची नोंद आढळेना. शिवाय सही करतांना ते 'थ' या आद्याक्षरानंतर आपल्या विसर्गासारखे दोन बिंदू देत. बाटलीवर मात्र एकच बिंदू.

खरी अडचण पुढेंच होती. चाखून पाहावें, तर बूच काढावें लागतें; आणि बूच निघालें कीं बाटलीचें मोल गेलें. एका फ्रेंच पदार्थविज्ञानवेत्त्यानें यावर तोड काढली होती. सीझियम-१३७ हें द्रव्य निसर्गांत नाहीं. अणुस्फोटांनंतर तें हवेंत व द्राक्षांत उतरलें. त्याचे किरण कांचेबाहेर येतात, म्हणून न उघडतां बाटली मोजतां येते. कोक यांच्या बाटलींत सीझियम आढळलें नाहीं. परंतु यावरून आंतील द्राक्षासव १९४५ पूर्वीचें, एवढेंच ठरलें. शतक कोणतें, तें नाहीं.

उत्तर निघालें तें कांचेवरच. जुन्या काळीं कोरीवकाम फिरत्या तांब्याच्या चकतीनें होई. चकती जागच्या जागीं, बाटलीच हातांनीं फिरवावयाची. त्यामुळें रेघ कोठें जाड, कोठें बारीक उमटे. येथें रेघा एकसारख्या होत्या. दंतवैद्याच्या यंत्रासारख्या विजेच्या हत्यारानें त्या कोरल्या असाव्यात, असें कोक यांनीं नेमलेल्या तज्ज्ञांचें मत पडलें.

कोक यांनीं २००६ सालीं फिर्याद गुदरली. रोडेनस्टॉक यांनीं आरोप नाकारला. २०१८ सालीं ते वारले. तें तळघर पॅरिसमध्यें नेमकें कोठें होतें, हें त्यांनीं कधींच उघड केलें नाहीं.