दोन महिन्यांचे अंतर

(सनीव्हेल येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)





ज्या सनीव्हेल नगरीत आज आपण सहकुटुंब जमलो आहोत, तेथील सेफिड या कंपनीचे एक यंत्र महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत 'सीबीनॅट' या नावाने ओळखले जाते. रुग्णाच्या थुंकीत क्षयाचे जंतू आहेत काय, आणि असल्यास ते रिफॅम्पिसिन या औषधास दाद देतील काय, हे ते दोन तासांच्या आत सांगते. जंतू वाढवून पाहण्याच्या जुन्या पद्धतीस कित्येक आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये या तपासणीस मान्यता दिली. मग आजही आपल्याकडे माणसे क्षयाने का मरतात? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस मुंबईतील एका जुन्या जंतुशास्त्रज्ञाचे स्मरण होते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. ज्यू असल्यामुळे मायदेशी त्यांची वाट अडली, तेव्हा ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि पुढे ती कलकत्त्याच्या बस्त्यांपर्यंत नेली. ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत ते आले व ग्रँट मेडिकल कॉलेजात कामास लागले. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांखाली प्लेगचे जंतू झुंबरासारखे लोंबत वाढतात, हे पाहून त्यांनी ते मुबलक वाढविले आणि उष्णतेने मारून लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःस टोचून घेतली. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

बंधू-भगिनींनो, ही तारीख ध्यानी ठेवावी. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात त्या रुग्णसेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास त्यांनी स्वतः उचलून आणल्याचे चरित्रकार सांगतात. लस मिळाली असती तर त्या वाचल्या असत्या, असे एक वैद्य म्हणून आम्ही म्हणणार नाही. पण प्रयोगशाळा आणि वस्ती यांतील अंतर केवढे असते, हे त्या दोन महिन्यांवरून कळते.

हे अंतर केवळ मैलांचे नव्हते. सक्तीच्या झडत्या व विलगीकरण यांमुळे लोक सरकारी दवाखान्यासच भिऊ लागले होते. आगाखान यांनी स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती मोडली. विश्वास हुकमाने येत नाही. तो आपल्या माणसाकडून येतो.

तो विश्वास किती नाजूक असतो, हेही हाफकिन यांनी भोगले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष प्रयोगशाळेवर ठेवून हाफकिन यांना दूर करण्यात आले. वास्तविक बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. परंतु ऐन उमेदीची वर्षे वाया गेली होती. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. १९३० साली ते लोझान येथे निवर्तले.

आज सनीव्हेलच्या यंत्रापासून गावच्या रुग्णापर्यंत तेच अंतर आहे. किंमत हेही अंतरच. गरीब देशांसाठी एका तपासणीचा दर २०१२ पासून ९.९८ डॉलर होता. तो २०२३ मध्ये ७.९७ डॉलर झाला. पण लाजेपोटी खोकला लपविणारी घरे अजून आहेत, आणि तेथे यंत्र आपणहून पोहोचत नाही.

म्हणून आमची एकच विनंती. गावी फोन कराल तेव्हा कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक लांबला आहे काय, हे विचारा, आणि थुंकी तपासून घेण्यास सांगा. मुंबईत जे काम हाफकिन यांच्या नळीने एकटीने झाले नाही, ते आपल्या माणसाच्या शब्दाने झाले होते. तो शब्द आपण टाकू शकतो.

जय भीम!