गणिताचा पेपर आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-गौरवप्रसंगी केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा येथे सत्कार झाला त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आमचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी नाही. मागील रांगेत आईच्या आडोशाने जी मुले बसली आहेत, गणिताचे नाव निघताच ज्यांची मान खाली जाते, त्यांच्यासाठी व त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठी आम्ही उभे आहोत.

लातूर विभागीय मंडळाकडे आपले लातूर, नांदेड व धाराशिव हे जिल्हे येतात. मार्च २०२५ च्या शालान्त परीक्षेत गणिताचे दोन पेपर होते. बीजगणित व भूमिती, प्रत्येकी ४० गुणांचे व दोन तासांचे. शाळेच्या हाती उरले २० गुण. म्हणजे वर्षभराच्या कष्टांचा निवाडा बहुतांशी चार तासांत झाला. हे न्याय्य की अन्याय्य, हा वाद आज आम्ही घालीत नाही. मुलास त्यातून जावयाचे आहे, एवढे खरे.

आमच्या वडिलांचे शिक्षण निजामी राजवटीत उर्दूतून झाले. घरी मात्र पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ. मोंढ्यात त्यांचा हिशेब कधी चुकला नाही. तोंडी हिशेब पक्का असलेला मुलगा पेपरात कसा मागे पडतो, हे त्यांना अखेरपर्यंत उमगले नाही. आम्ही केवळ मॅट्रिक. आम्हांसही ते शिक्षक झाल्यावर पुष्कळ वर्षांनी उमगले. गणित समजणे ही एक विद्या आणि ते नेमक्या वेळात, एकट्याने, कोऱ्या कागदावर लिहून दाखविणे ही दुसरी. सोडविलेले उदाहरण वाचून 'आले, आले' म्हणणारा मुलगा पुस्तक मिटताच अडतो. तो आळशी नसतो. दुसरी विद्या त्याला कोणी शिकविलेलीच नसते.

गेल्या शतकाच्या अखेरीस ज्या 'लातूर पॅटर्न'चा सर्वत्र बोलबाला झाला, त्यात जादू नव्हती. राजर्षी शाहू व दयानंद या महाविद्यालयांचे नाव त्यातून गाजले. मुलांकडून प्रश्नपत्रिका पुनःपुन्हा सोडवून घेणे हे त्याचे मुख्य अंग. पुढे त्या नावाचा बाजार झाला, आणि नांदेडही मागे राहिले नाही. लोकांनी परीक्षा घेणे तेवढे उचलले. तपासलेला पेपर मुलाजवळ बसून पाहणे राहून गेले. आमच्या मते सारे मर्म त्यातच आहे.

येथे आम्हांस आमचा एक दोष सांगितला पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही घटक चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचीत असू, वरपासून खालपर्यंत. सातवीच्या वर्गात एकदा ज्याचे नाव शेवटी आले, तो मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. आठवड्याने कळले की वडिलांनी त्यास मोंढ्यात हमालीस लावले. त्या रात्री आम्ही त्याचा पेपर पुन्हा काढला. १० उदाहरणांपैकी ७ उदाहरणांची रीत बरोबर होती. प्रत्येक ठिकाणी कंस सोडविताना ऋण चिन्ह निसटले होते. चूक एकच, सात वेळा झालेली. आणि आम्ही तिच्या सात चुका मोजल्या. जवळ बसवून समजावून देण्यास पंधरा मिनिटे लागली असती. ती आम्ही दिली नाहीत. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

म्हणून पेपर घरी आला की आकडा पाहण्यापूर्वी 'कुठे अडलास?' एवढे विचारावे. रीतच ठाऊक नव्हती, की रीत ठाऊक असून हिशेबात घसरला, की दोन्ही येत असून वेळ पुरला नाही? पहिल्यास शिक्षक पाहिजे, दुसऱ्यास सराव, तिसऱ्यास घड्याळ. दोन तासांत ४० गुण, म्हणजे एका गुणास तीन मिनिटे. तीन गुणांच्या उदाहरणावर पाव तास गेला तर ते सोडून पुढे जावे. उदाहरण अर्धेच सुटले तरी लिहावे, पायरीसही गुण असतात. आणि आई अक्षरओळख नसलेली असली तरी घड्याळ समोर ठेवून दोन तास मुलीशेजारी बसू शकते. चुलत भावाचे गुण मात्र त्या वेळी काढू नयेत!

इंटरच्या परीक्षेत अपयश आलेले नरहर कुरुंदकर पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, असे सांगून आपण मुलांचे सांत्वन करतो. अवश्य करावे. पण सांत्वनाने ऋण चिन्ह जागेवर येत नाही.

मंडळाच्या कार्यवाहांस आम्ही शब्द दिला आहे. येत्या रविवारपासून सकाळी ८ ते १० या वेळात दहावीच्या मुलामुलींनी नांदेडच्या कार्यालयात येऊन एक पेपर सोडवावा. लातूरच्या शाखेतही आमचे एक निवृत्त शिक्षकबंधू तयार झाले आहेत. पेपर आम्ही तपासू व दहानंतर ज्याचा त्याच्याजवळ बसून पाहू. गुण वाचून दाखविले जाणार नाहीत. कंपासपेटी व पाणी घरून आणावे.